जुन्या ट्रॅक्टरला नवा पत्रा : आधी मांडणी, मग रंग

डेंटिंग, पेंटिंग आणि वेल्डिंगच्या धंद्यात आपले पुष्कळ लोक आहेत. जीप, ट्रक, टेम्पो यांची कामे रोजच त्यांच्या हाताखालून जातात. त्यात आता एका निराळ्या कामाची भर पडत आहे. गोठ्यामागे किंवा बांधावर कित्येक वर्षे उभा असलेला, वडिलांनी वा आजोबांनी घेतलेला ट्रॅक्टर मुलगा ओढत गॅरेजवर आणतो आणि म्हणतो, "मिस्त्री, याला पहिल्यासारखा करून द्या." हा ट्रॅक्टर नांगरटीसाठी नसतो, आठवणीसाठी असतो. असे गिऱ्हाईक मजुरीत फारशी घासाघीस करीत नाही, पण काम ताब्यात घेताना मात्र बारकाईने पाहते.

इंजिन आणि हायड्रॉलिकचे काम करणारे जाणकार गावोगाव आहेत. घोटाळा होतो तो पत्र्यात. बॉनेट, पुढची जाळी, मडगार्ड हे भाग तयार मिळतात. ते आणावेत, चार बोल्ट आवळावेत आणि मोकळे व्हावे, अशी सर्वांची समजूत असते. आमचीही होती. ती किती महागात पडली ते आधी सांगतो, कारण या लेखातील बहुतेक शहाणपण त्या एका कामातून आलेले आहे.

काम मॅसी फर्ग्युसन ३५ चे होते. एका दुकानातून आम्ही नवे बॉनेट आणि मडगार्डची जोडी मागविली. माल दिसायला उत्तम होता. काळे अस्तर दिलेले, कुठे पोचा नाही. गिऱ्हाइकाच्या घरी लग्न होते व वरात त्याच ट्रॅक्टरवरून काढायची, असा त्यांचा बेत होता. दिवस थोडे राहिल्यामुळे आम्ही पत्रा थेट रंगायला घेतला. लाल रंगाचे हात झाले, वाळले, चकाकले. मग बसवायला घेतले तर बॉनेट मागच्या टोकाला बोटभर पुढे राहिले आणि डावे मडगार्ड टायरला घासू लागले. भोके वाढवली, पत्रा दाबला, ठोकला. प्रत्येक ठोक्यासरशी रंगाची पापडी उडत होती. शेवटी सगळा रंग खरवडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुकानदाराने माल परत घेण्यास नकार दिला. रंग दिलेला आणि भोक पाडलेला माल परत नाही, हे बिलावरच छापलेले होते. त्यामुळे बोलायला जागा नव्हती. ट्रॅक्टर लग्नानंतर पाच दिवसांनी तयार झाला. मालक एवढेच म्हणाले, "मिस्त्री, वरात बैलगाडीतून काढली." रंगाचे पैसे आम्ही घेतले नाहीत, घेण्याचे तोंडही नव्हते.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे. नवा पत्रा आला की तो कोरडाच, म्हणजे रंगाशिवाय, संपूर्ण ट्रॅक्टरवर चढवून पाहायचा. एक भाग नव्हे, सगळे भाग एकदम. ते एकमेकांशी जुळले, इंजिन चालवून पाहिले, की मग सर्व उतरवायचे आणि त्यानंतरच रंगाचा डबा उघडायचा.

तयार पत्रा बसत का नाही?

याची कारणे समजून घेतली तर दुकानदारावर चिडण्याचे कारण उरत नाही. कंपनीतला मूळ पत्रा मोठ्या प्रेसवर, मोठ्या साच्यात एकाच दाबात आकार घेत असे. आता जो बदली पत्रा मिळतो तो लहान कारखान्यातला असतो. मोठा साचा परवडत नाही, म्हणून एक भाग दोन-तीन तुकड्यांत घडवून जोडतात. नमुन्यासाठी पुष्कळदा एखादे जुने बॉनेटच घेतलेले असते, आणि ते जर आधीच फाकलेले असेल तर फाकण्यासह त्याची नक्कल होते. वर गोदामात एकावर एक थप्पी आणि ट्रकमधला प्रवास.

दुसरे कारण मॉडेलचे. फर्ग्युसनचा करड्या रंगाचा टी-ई-२० इंग्लंडमध्ये कव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने बनला. त्याच्या जागी १९५६ मध्ये ३५ आला. पुढे १९६४ मध्ये १३५ आला, त्याचे नाक चौकोनी. भारतात मद्रासच्या टाफे कंपनीने (स्थापना १९६०) मॅसी फर्ग्युसनचे तंत्र घेऊन ट्रॅक्टर बनविले आणि १०३५ हा आकडा आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी बसला. इंजिन, गिअर, हायड्रॉलिक यांत या घराण्याचे बरेच साम्य आहे, पत्र्यात नाही. काउंटरवर मात्र सगळ्यांना एकच नाव, "मॅसीचे बॉनेट". यास्तव ऑर्डर देताना नुसते मॉडेल सांगू नये. जुन्या पत्र्याची लांबी, मागची रुंदी, पुढची रुंदी आणि बोल्टच्या भोकांमधले अंतर कागदावर लिहून पाठवावे. जाळी गोलसर की चौकोनी, दिवे नाकात की बाजूला, हेही लिहावे. या कागदाची एक प्रत आपल्याकडे ठेवावी. माल चुकीचा आला तर दुकानदाराशी बोलायला तोच उपयोगी पडतो.

तिसरे कारण खुद्द ट्रॅक्टरमध्येच असते, आणि आमच्या मते तेच सर्वांत मोठे आहे. ट्रकला चॅसी असते, तिच्यावर सगळे बसते. अशा ट्रॅक्टरला वेगळी चॅसी नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागची धुरा एकमेकांना पाठीला पाठ लावून बोल्टने जोडलेली असतात. हाच त्याचा कणा. इंजिनाच्या पुढे एक भक्कम ओतीव आधार असतो. रेडिएटर, नाक आणि पुढची धुरा त्यावर येतात. बॉनेटचा पुढचा भार या टोकाला आणि मागचा भार स्टिअरिंगजवळच्या डॅशपाशी. म्हणजे बॉनेट हा दोन खांबांवर टाकलेला पूल समजा. एक खांब झुकला तर पूल कसा सरळ राहील? पन्नास-साठ वर्षांत रेडिएटरखालचे रबर पिचलेले असते, एखादा बोल्ट तुटून त्याजागी तार बांधलेली असते, डॅशचा कंस कधी तरी झाडाला घासून वाकलेला असतो. जुना पत्राही त्या वाकड्या बैठकीबरोबर हळूहळू वाकडा झालेला असतो, म्हणून तो बसत होता. नवा सरळ पत्रा वाकड्या बैठकीवर कसा बसावा!

मांडणीचा क्रम

ट्रॅक्टर सपाट फरशीवर उभा करावा, चारही चाकांत योग्य हवा भरावी. बॅटरीची अर्थची तार आधी सोडावी. जुना पत्रा खोलण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढावेत. प्रत्येक कंस जिथे बसला आहे तिथे सुईने बारीक रेघ ओढावी, आणि ज्या भागाचे बोल्ट त्याच भागाच्या नावाच्या डब्यात टाकावेत. जुना पत्रा भंगारात देण्याची घाई करू नये. नवा भाग पूर्ण बसेपर्यंत तो भिंतीला टेकवून ठेवावा. नव्या पत्र्यात एखादे भोक नसेल, एखादा क्लिपचा कान नसेल, तर तो जुन्यावरूनच घ्यावा लागतो. कंपनीची नंबराची पट्टी पत्र्यावर असेल तर रिव्हेट अलगद काढून ती मालकाच्या हाती द्यावी. ती हरवली तर नवी करून मिळत नाही.

नंतर बैठक. रेडिएटरखाली नवे रबर घालावे आणि रेडिएटर ओळंब्यात उभा करावा. डॅशचा कंस सरळ करावा. मग नाकाच्या मध्यापासून स्टिअरिंगच्या दांड्याच्या मध्यापर्यंत सुतळी ताणावी. ही आपली मध्यरेषा. डावी-उजवीकडची सर्व मापे या सुतळीपासून घ्यायची. एवढे केले की निम्मे काम झाले, असे आम्ही अनुभवाने सांगतो. ज्यांनी सुतळी ताणली नाही ते आधी डावी बाजू जुळवतात, मग उजवी, मग पुन्हा डावी, आणि संध्याकाळ होते.

क्रम असा ठेवावा की जे दुरुस्त करणे सर्वांत कठीण ते आधी. प्रथम नाक व जाळी, मग डिझेलची टाकी जागेवर, मग बॉनेट. टाकी बॉनेटच्या पोटात असते. ती जागेवर नसताना बॉनेट जुळवले तर नंतर ते टाकीवर टेकते आणि चालताना खडखडते. ३५ चे बॉनेट पुढच्या बाजूस बिजागरीवर उलटते. यास्तव बिजागरी आधी हलकी लावावी, बॉनेट दोन-चार वेळा उघडून मिटून पाहावे आणि मगच मागच्या टोकाकडे वळावे.

सर्व बोल्ट बोटाने फिरतील इतकेच लावावेत. शेवटचा बोल्ट आपल्या भोकात शिरेपर्यंत पहिला आवळायचा नाही. पहिला बोल्ट आवळला की पत्रा तिथे कैद होतो आणि त्याची सगळी चूक शेवटच्या भोकात जमा होते. सगळे बोल्ट सैल असतील तर तीच चूक थोडी थोडी वाटली जाते आणि डोळ्याला दिसत नाही. फटी सारख्या ठेवण्यासाठी प्लायवूडच्या पट्ट्या कापून फटीत खोचाव्यात. आम्ही ५ मि.मी.च्या वापरतो. डोळ्याने अंदाज घेऊ नये, डोळा दुपारनंतर थकतो.

तरीही एखादे भोक जुळले नाही तर? दोन-तीन मि.मी.चा फरक असेल तर गोल कानशीने भोक लांबट करावे आणि मोठा वायसर घालावा. वायसरने भोक पूर्ण झाकले पाहिजे. त्याहून जास्त फरक असेल तर कानस खाली ठेवून बैठक पुन्हा तपासावी. बैठक खरोखर बरोबर असेल तरच जुने भोक भरून नवे पाडावे. पत्रा उंचीला कमी पडत असेल तर कंसाखाली पातळ पट्टी घालावी. पहारीने पत्रा ओढून बोल्ट कसाबसा घालणे हा प्रकार तर करूच नये. ताणलेला पत्रा इंजिनाच्या थरथरीने वर्ष-सहा महिन्यांत भोकाच्या कडेलाच चिरतो.

बोल्टबाबत एक सावधगिरी. हे ट्रॅक्टर इंची मापाचे आहेत. ५/१६ इंचाचा बोल्ट म्हणजे ७.९४ मि.मी., आणि बाजारात सहज मिळतो तो ८ मि.मी.चा. हातात घेतले तर दोन्ही सारखे. पण आटे निराळे : ५/१६ च्या जाड आट्याला इंचात १८ आणि बारीक आट्याला २४ आटे असतात, तर ८ मि.मी.च्या नेहमीच्या बोल्टला इंचात सुमारे २० पडतात. दोन-तीन फेरे जातो, मग अडतो, आणि शागीर्द पान्याला पाइप लावून जोर देतो. ओतीव लोखंडातला आटा त्याच क्षणी गेला. पत्र्याच्या कामात कण्याचे नुकसान झाले तर ते भरून देताना मजुरी संपते.

वेल्डिंग आणि टाकी

प्रत्येक वेळी नवाच भाग घ्यावा असे नाही. जुन्या बॉनेटची फक्त खालची कड सडलेली असेल, तर तेवढी कापून नवी पट्टी जोडणे पुष्कळदा अधिक चांगले. वरचा पत्रा मूळचा असतो आणि त्याचा बाक कोणत्याही नकलेपेक्षा खरा असतो. पट्टीसाठी पत्रा घेताना जुन्याची जाडी मायक्रोमीटरने मोजावी. १८ गेज म्हणजे १.२२ मि.मी., २० गेज म्हणजे ०.९१ मि.मी. जाड पत्र्याला पातळ जोडला तर वेल्डिंगमध्ये पातळ जळतो, आणि जळला नाही तरी जोडाच्या रेषेवर पुढे लाट दिसते. कड कडेला भिडवून जोडावी. एकावर एक चढविलेल्या जोडात पाणी शिरते आणि गंज आतून सुरू होतो. एका दमात रेघ ओढू नये. आधी दूर दूर टाके द्यावेत, एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि हात लावता येईल इतका पत्रा गार झाल्यावर मधले भरावेत. घाईने तापविलेला पत्रा फुगतो आणि दाबला की डब्यासारखा वाजतो. मग तो बसविण्यात ऐरण-हातोडीचा अर्धा दिवस जातो. त्यावर लांबीचा जाड थर चढवून पोट झाकणारे आहेत. ट्रॅक्टरवर अशी लांबी फार दिवस टिकत नाही; थरथरीने तडा जातोच.

टाकीविषयी थोडे कठोर बोलणे भाग आहे. "डिझेल आहे, पेट्रोल नाही, काही होत नाही" असे म्हणून रिकाम्या टाकीला वेल्डिंग लावणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. ही समजूत चुकीची आहे. डिझेल काढून टाकले तरी तळाचा आणि भिंतींचा अंश उरतो, ज्योतीच्या उष्णतेने त्याची वाफ होते, आणि बंद टाकीत हवा मिसळलेली वाफ बॉम्बसारखी फुटते. पत्र्याचे वेल्डिंग करताना टाकी ट्रॅक्टरवरून उतरवून दूर ठेवावी. टाकी गळत असेल तर ते काम ज्याच्याकडे टाकी धुण्याची व निर्धोक करण्याची सोय आहे त्याच्याकडेच पाठवावे. कोणत्याही मजुरीला हा धोका परवडत नाही. जस्ताच्या मुलाम्याचा पत्रा वेल्ड करताना निघणारा पांढरा धूरही तापासारखे आजारपण आणतो. मुलामा आधी घासून काढावा आणि उघड्यावर काम करावे. साठ-सत्तर सालच्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा जुना रंग कोरडा घासून धूळ उडवू नये. पाणी लावून घासावा, तोंडाला चांगला मास्क बांधावा, आणि लहान मुलांना त्या जागी फिरकू देऊ नये.

मडगार्डचे काम दिसते सोपे. ते मागच्या धुरेच्या घरावर कंसाने बसते आणि त्यावर माणसे बसण्याची आपल्याकडची सवय सर्वांना ठाऊक आहे, म्हणून जुने कंस हटकून वाकलेले असतात. नवे मडगार्ड लावण्याआधी दोन्ही बाजूंचे कंस जमिनीपासून मोजावेत, दोन्ही उंच्या सारख्या हव्यात. टायरपासूनचे अंतर चाक हाताने पूर्ण एक फेरा फिरवून पाहावे. एका जागी दोन बोटे जागा दिसते आणि अर्ध्या फेऱ्यावर टायर घासतो, असे होते, कारण जुनी रिम लहरत असते. मागील दिव्याची तार मडगार्डच्या भोकातून जाते तिथे रबरी बूच विसरू नये. पत्र्याच्या धारेवर तार कापली गेली की शॉर्ट होते आणि दोष वायरमनवर जातो.

सर्व बसले की इंजिन सुरू करून पंधरा-वीस मिनिटे कमी-जास्त वेगाने चालवावे. या ट्रॅक्टरांचे इंजिन कण्याचाच भाग असल्याने मोटारीसारखे रबरावर डोलत नाही. त्याची थरथर थेट पत्र्यात येते. जिथे आवाज येईल तिथे खडूने खूण करावी. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. सायलेन्सरच्या आसपास पत्र्याला पुरेशी मोकळीक आहे ना, हे गरम झाल्यावर पाहावे. मगच सर्व उतरवावे आणि खुणेच्या जागी नमद्याची वा रबराची पट्टी योजून ठेवावी. ती रंगानंतर चिकटवायची.

आता नव्या पत्र्यावरचे काळे अस्तर. ते पुष्कळदा केवळ प्रवासात गंज येऊ नये म्हणून दिलेले असते, रंग धरण्यासाठी नव्हे. पांढऱ्या फडक्याला थिनर लावून एका कोपऱ्यात जोराने घासावे. फडके काळे झाले तर सगळे अस्तर काढून उघड्या पत्र्यावर आपले प्रायमर द्यावे. फडके स्वच्छ राहिले तर घासून खरखरीत केले तरी पुरते. आतली बाजू आणि भोकांच्या कडा बाहेरच्या इतक्याच निगुतीने रंगवाव्यात. कानशीने वाढविलेल्या भोकांत उघडा पत्रा राहिला तर पहिल्याच पावसाळ्यात तिथून तांबूस ओघळ सुरू होतो. रंगाने भोके थोडी आवळतात, म्हणून पुन्हा जोडताना बोल्ट ठोकून घालू नये. भोक हलके साफ करावे.

मजुरी कशी सांगावी

या कामात मिस्त्री बुडतो तो मजुरी आधीच ठोक सांगून. "बॉनेट बसवायचे किती?" या प्रश्नाला मोटारीच्या हिशेबाने उत्तर दिले की नुकसान ठरलेले. आम्ही आता काम तीन भागांत सांगतो : बैठक दुरुस्ती व कोरडी मांडणी, रंग, आणि शेवटची जोडणी. पहिल्या भागाची मजुरी दिवसावर घेतो, कारण किती दिवस लागतील हे जुना पत्रा उतरविल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. कोरडी मांडणी झाली की मालकाला बोलावून ट्रॅक्टर दाखवितो. रंग नसलेला, ठिगळ दिसणारा ट्रॅक्टर पाहून काही जण बिचकतात. त्यांना फटी हाताने चाचपू द्याव्यात, बॉनेट उघडू-मिटू द्यावे, आणि त्यांना पटल्यावरच रंगाची मजुरी ठोक सांगावी. ती मात्र ठोक सांगता येते.

पत्रा मालकाने स्वतः आणला असेल तर तो घेतानाच त्यांच्यासमोर जुन्या पत्र्याला लावून पाहावा आणि फरक असल्यास पावतीवर लिहून दोघांनी सही करावी. आपण आणायचा असेल तर दुकानदाराशी आधीच बोलून घ्यावे की कोरडी मांडणी करून पाहीपर्यंत माल परत घेतला जाईल. मागितल्यास पुष्कळ दुकानदार आठ-दहा दिवसांची मुदत देतात. आम्ही त्या लग्नाच्या वेळी ती मागितलीच नव्हती. जुना पत्रा मालकाचा असतो. काम झाल्यावर तो परत न्यायचा की नाही हे त्यांनाच विचारावे. त्याच गिऱ्हाइकाने आपल्या जुन्या बॉनेटचा नाकाकडचा तुकडा मागून नेला होता. त्यावर त्यांच्या वडिलांनी खिळ्याने कोरलेले साल अजून वाचता येत होते.